लॅपटॉप बंद होताच पत्ते का पुसले जातात? लिनक्सवरील ‘डीएनएस कॅशे’ जपण्याचे गणित

लाखांदूर किंवा पवनीकडच्या एखाद्या गावात भरदुपारी वीज जाते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरतीच उरलेली असते, त्यामुळे स्क्रीनही त्याच क्षणी काळी होते. वीज परतते, लॅपटॉप सुरू होतो, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला जातो. पण दहा मिनिटांपूर्वी झटकन उघडणारे संकेतस्थळ आता उघडता उघडत नाही. ब्राउझरच्या कोपऱ्यातले चक्र फिरत राहते. प्रवेशअर्जाची किंवा पीकविम्याची शेवटची तारीख त्याच दिवशी असेल आणि मागे चार जण रांगेत असतील, तर ही काही सेकंदे फार लांब वाटतात.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या लॅपटॉपांसाठी उबुंटू, मिंट अशा लिनक्स प्रणाली हा बिनखर्चाचा पर्याय आहे. लिनक्सवर आलेल्यांना इतरत्र सहसा न मिळणारी एक मुभा मिळते, ती म्हणजे प्रणालीचा कोणताही भाग उघडून बदलण्याची. म्हणूनच प्रश्न पडतो, की लॅपटॉपने शोधून ठेवलेले संकेतस्थळांचे पत्ते, म्हणजे ‘डीएनएस कॅशे’, बंद-चालू केल्यावरही टिकवता येतील का? टिकवता येतात. मात्र त्यातून हाती काय लागते आणि अंगाशी काय येऊ शकते, हे आधी पाहायला हवे.

डीएनएस कॅशे म्हणजे नेमके काय?

माणसे संकेतस्थळाचे नाव लक्षात ठेवतात. संगणकांना मात्र आकड्यांचा आयपी पत्ता लागतो. नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डोमेन नेम सिस्टम अर्थात डीएनएस. त्याआधी जगभरातल्या संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिले जात. अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतून ती फाइल सांभाळली जाई आणि बाकीचे ती उतरवून घेत. संगणक वाढले तशी ती पद्धत अपुरी पडली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसचा आराखडा मांडला आणि १९८७ मध्ये त्याला आजचे प्रमाणित रूप मिळाले.

‘भंडारा डॉट जीओव्ही डॉट इन’ हे जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचे नाव घेऊ. पत्ता पहिल्यापासून शोधायचा तर आधी रूट सर्व्हरला विचारावे लागते, की ‘डॉट इन’ कोण सांभाळते? मग ‘डॉट इन’च्या सर्व्हरला विचारायचे, की ‘जीओव्ही डॉट इन’ कोणाकडे आहे? तिथून शेवटी भंडाऱ्याचा पत्ता मिळतो. नाव उजवीकडून डावीकडे वाचत जाण्याचा हा प्रकार आहे. एवढी विचारपूस दरवेळी करावी लागू नये, म्हणून मिळालेले उत्तर काही काळ जवळ ठेवले जाते. तीच कॅशे.

हा ‘काही काळ’ लॅपटॉप ठरवत नाही. ज्याचे संकेतस्थळ आहे तो ठरवतो. प्रत्येक उत्तरासोबत सेकंदांमध्ये मुदत येते. तिला टीटीएल म्हणतात. ३०० सेकंदांची मुदत असेल, तर पाच मिनिटांनी उत्तर शिळे झाले असे धरून पुन्हा विचारायचे.

मुदत का लागते, हे भंडारा जिल्ह्याला वेगळे समजावून सांगावे लागू नये. पवनी तालुक्यातील गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. पुढे वैनगंगेच्या बुडीत क्षेत्रातील गावे नव्या गावठाणांवर वसवली गेली. गावाच्या नावाने विचारणारा माणूस नव्या जागी पोहोचतो. पण जुन्या वाटेची टिपणवही घेऊन निघालेला पाण्याच्या काठावर जाऊन उभा राहतो. संकेतस्थळेही अशीच एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलतात. नाव तेच राहते, आकडा बदलतो आणि जुन्या वहीवर किती दिवस विसंबायचे, हे टीटीएल सांगते.

लॅपटॉप बंद केल्यावर ती का जाते?

कारण बहुतेक लिनक्स प्रणालींत ही कॅशे फक्त रॅममध्ये असते. उबुंटू आणि मिंटवर हे काम ‘सिस्टमडी-रिझॉल्व्हड’ ही सेवा करते. लॅपटॉपमधल्याच १२७.०.०.५३ या पत्त्यावर ती बसलेली असते आणि सगळे प्रोग्रॅम तिलाच विचारतात. उत्तर नसेल तर ती मोबाइल कंपनीच्या किंवा ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरकडे जाते. अनेक घरगुती राउटरांमध्ये आणि काही लिनक्स लॅपटॉपांवर ‘डीएनएसमास्क’ हा छोटा प्रोग्रॅम असतो. त्याची कॅशे मुळात १५० नावांचीच असते, ती वाढवता येते. पण डिस्कवर लिहिण्याची सोय त्यातही नाही. ब्राउझरची स्वतःची वेगळी कॅशे असते. फायरफॉक्स ती साधारण मिनिटभर धरून ठेवतो. लॅपटॉप बंद झाला की हे तिन्ही साठे कोरे होतात.

रिझॉल्व्हडचा आणखी एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. नेटवर्कची मांडणी बदलली, की लॅपटॉप बंद न करताही तो आपली कॅशे रिकामी करतो. एका फोनचा हॉटस्पॉट सोडून दुसऱ्याचा धरला, तरी आधीचे पत्ते गेले. ही चूक नाही. एका नेटवर्कवरचे उत्तर दुसऱ्यावर बरोबर असेलच असे नसते. कार्यालयातल्या वायफायवर आतल्या सर्व्हरला दिलेले नाव घरच्या हॉटस्पॉटवर निरर्थक ठरते.

मग डिस्कवर जपायची कशी?

रिझॉल्व्हडकडून हे काम होत नाही; त्याऐवजी दुसरा प्रोग्रॅम बसवावा लागतो. सर्वांत जास्त वापरला जाणारा पर्याय म्हणजे नेदरलँड्समधील एनएलनेट लॅब्सचा ‘अनबाउंड’. त्याच्यासोबत येणाऱ्या ‘अनबाउंड-कंट्रोल’ या साधनाला दोन आज्ञा कळतात. ‘डंप कॅशे’ दिली की सगळी कॅशे साध्या मजकुराच्या रूपात बाहेर येते, ती फाइलमध्ये साठवायची. ‘लोड कॅशे’ दिली की ती फाइल परत आत भरली जाते. लॅपटॉप बंद होताना पहिली आणि सुरू होताना दुसरी आज्ञा आपोआप चालेल, अशी नोंद सिस्टमडीच्या सेवेत केली की काम झाले, असे वाटते.

इथे दोन अडचणी आहेत आणि दोन्ही अनेकांच्या लक्षात येत नाहीत.

पहिली विजेची. बंद होताना कॅशे साठवण्याची आज्ञा तेव्हाच चालते, जेव्हा लॅपटॉप रीतसर बंद केला जातो. बॅटरी संपलेल्या लॅपटॉपची वीज गेली, तर ती आज्ञा चालायला वेळच मिळत नाही. म्हणजे ज्या प्रसंगासाठी हा खटाटोप, त्याच प्रसंगी फाइल लिहिली जात नाही. त्यावर तोडगा म्हणजे दर दहा-पंधरा मिनिटांनी टायमर लावून साठवत राहणे. घरगुती वापरातली कॅशे लहान असते, तिचा डिस्कवर भार पडत नाही.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती जास्त गंभीर आहे. अनबाउंड फाइलमध्ये ‘हा पत्ता अमुक वाजेपर्यंत चालेल’ असे लिहीत नाही. ‘अजून इतके सेकंद शिल्लक’ असे लिहितो. परत भरताना तो त्या क्षणापासून तेवढे सेकंद मोजायला लागतो. समजा, रात्री आठ वाजता एका पत्त्याचे २४० सेकंद शिल्लक होते. लॅपटॉप बंद झाला, सकाळी सहा वाजता उघडला. मधले दहा तास जणू गेलेच नाहीत. अनबाउंडच्या लेखी पत्ता अजून चार मिनिटे ताजा आहे. दोन दिवसांची मुदत असलेल्या नोंदी तर रोज रात्री थांबतात आणि रोज सकाळी पुढे चालू लागतात. अनबाउंडच्या माहितीपुस्तिकेतही स्पष्ट इशारा आहे, की ही सोय दोष शोधण्यासाठी आहे आणि जुनी माहिती भरली तर उत्तरेही जुनीच मिळतील.

म्हणून ज्याला हा मार्ग घ्यायचाच आहे, त्याने सुरू होतानाच्या आज्ञेत एक अट घालावी. फाइल किती वेळापूर्वी लिहिली ते आधी तपासायचे. पंधरा-वीस मिनिटांच्या आतली असेल तरच भरायची, नाहीतर सरळ पुसून टाकायची. विजेच्या झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या लॅपटॉपला तिचा उपयोग होईल आणि रात्रभर बंद असलेल्याला जुने पत्ते मिळणार नाहीत.

चेक प्रजासत्ताकातील सीझेड-डॉट-एनआयसी या संस्थेचा ‘नॉट रिझॉल्व्हर’ या बाबतीत अधिक नेटका आहे. त्याची कॅशे मुळातच डिस्कवरच्या फाइलमध्ये असते, त्यामुळे बंद-चालू केल्यावर ती वेगळी भरावी लागत नाही. कॅशे टिकवणे हाच मुख्य हेतू असेल, तर अनबाउंडला वळसे घालण्यापेक्षा हा रस्ता सरळ आहे. अचानक वीज गेल्याने फाइल बिघडली, तर ती पुसून पुन्हा सुरू करावे. कॅशे हा काही दस्तऐवज नव्हे. अनबाउंडलाही ‘रेडिस’ या साठवण प्रणालीशी जोडता येते, पण चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तो पसारा कशाला?

जुन्या लेखांत ‘पीडीएनएसडी’ हे नाव सापडते. फोनच्या तारेवरून डायल-अप इंटरनेट चालायचे, त्या दिवसांची गरज ओळखून बनवलेला हा प्रोग्रॅम कॅशे डिस्कवर जपत असे. त्याची शेवटची आवृत्ती २०१२ ची आहे. इतकी वर्षे दुरुस्ती न झालेला, थेट इंटरनेटशी बोलणारा प्रोग्रॅम आज बसवू नये.

एवढे करून वेग किती वाढतो?

इथे बहुतेकांची निराशा होते. मोठ्या संकेतस्थळांच्या पत्त्यांची मुदत आज एक ते पाच मिनिटे इतकी आखूड असते, कारण गर्दी एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर वळवण्याची मोकळीक त्यांना हवी असते. अर्ध्या तासाने लॅपटॉप सुरू केला, तरी जपलेल्या पत्त्यांतले बरेचसे शिळे झालेले असतात. नियम पाळायचा तर पुन्हा विचारावेच लागते.

जास्त टिकतात त्या वरच्या पायऱ्या. ‘डॉट इन’ कोण सांभाळते, या रूट सर्व्हरकडच्या उत्तराची मुदत १,७२,८०० सेकंद म्हणजे दोन दिवसांची असते. रात्रभर बंद राहूनही ते सकाळी वैध असते. पण त्याचा उपयोग कोणाला? ज्याचा लॅपटॉप रूटपासून स्वतः शोध घेतो त्यालाच. अनबाउंड आणि नॉट रिझॉल्व्हर मूळ मांडणीत तसे करतात. याउलट ज्याचा लॅपटॉप फक्त मोबाइल कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, त्याच्यासाठी त्या वरच्या पायऱ्या आधीच दुसऱ्याने चढलेल्या असतात. उबुंटूची मूळ मांडणी ही अशीच आहे. अशा लॅपटॉपवर कॅशे जपून जवळपास काहीच हाती लागत नाही.

मग ते फिरणारे चक्र कशामुळे? अनेकदा डीएनएस त्याला जबाबदार नसतेच. शेवटच्या दिवशी गर्दीने दबलेले पोर्टल पत्ता माहीत असूनही उत्तर देत नाही. ते ओळखण्याची सोपी रीत आहे. टर्मिनलमध्ये ‘डिग’ या आज्ञेला संकेतस्थळाचे नाव दिले, की उत्तराच्या तळाशी किती मिलिसेकंद लागले ते येते. तिथे ४० किंवा ८० दिसत असेल आणि पान मात्र वीस सेकंद उघडत नसेल, तर कॅशेच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

डीएनएसचाच दोष असतो तेव्हा तो बहुधा हरवलेल्या प्रश्नाचा असतो. डीएनएसचा प्रश्न साधारणतः यूडीपी पद्धतीने जातो. पोहोचला की नाही, याची पावती त्यात नसते. टॉवरपासून दूर, सिग्नलची एकच दांडी असलेल्या ठिकाणी तो वाटेत गळतो. लिनक्सची पारंपरिक मांडणी अशा वेळी उत्तरासाठी पाच सेकंद थांबून मग पुन्हा विचारते. एका पानासाठी प्रतिमा, फाँट, ओटीपीची खिडकी अशी अनेक नावे लागतात. त्यातली दोन-तीन अडकली तरी पंधरा सेकंद गेलेच. कॅशेचा खरा फायदा आहे तो इथे. मिलिसेकंद वाचतात ते वाचतातच, पण खराब नेटवर्कवर विचारावे लागणारे प्रश्नच कमी होतात.

शिळा पत्ता वापरला तर चालतो का?

काही वेळा चालतो, आणि आता त्याला मान्यताही आहे. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेतील डाइन या डीएनएस कंपनीवर मोठा सायबर हल्ला झाला. ट्विटर, स्पॉटिफाय, गिटहब यांचे स्वतःचे सर्व्हर सुरू होते, पण त्यांचा पत्ता सांगणारी यंत्रणा कोलमडल्याने अनेकांना ती संकेतस्थळे तासन्‌तास उघडता आली नाहीत. त्या दिवशी मुदत संपलेला पत्ता वापरणारा लॅपटॉप अडला नसता. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आरएफसी ८७६७’ या तांत्रिक दस्तऐवजाने तशी रीत घालून दिली. आधी ताजे उत्तर मिळवण्याचा प्रयत्न करायचा. ते मिळालेच नाही, तर शिळे उत्तर द्यायचे, तेही ३० सेकंदांपुरते. शिळे म्हणजे किती, तर एक ते तीन दिवस, असे त्यात सुचवले आहे.

अनबाउंडमध्ये हा पर्याय ‘सर्व्ह एक्स्पायर्ड’ या नावाने आहे. सिस्टमडीच्या २०२३ मध्ये आलेल्या २५४ व्या आवृत्तीपासून रिझॉल्व्हडमध्येही ‘स्टेल रिटेन्शन’ या नावाने तो देता येतो. मात्र तिथे साठा रॅममध्येच राहतो. सिग्नल येत-जात असलेल्या गावात, लॅपटॉप चालू असताना, ही एक ओळ कॅशे डिस्कवर जपण्याच्या सगळ्या खटपटीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

शिळ्या पत्त्याने सगळे सुटते असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद होते. तेव्हा डीएनएस सर्व्हरच नव्हे, कंपनीचे संपूर्ण जाळेच इंटरनेटपासून तुटले होते. पत्ता पाठ असूनही तिथवर जाणारा रस्ता नव्हता.

यात धोका कोणता?

क्लाउड सर्व्हरचे आयपी पत्ते भाड्याच्या खोल्यांसारखे असतात. एकाने सोडलेला पत्ता काही वेळाने दुसऱ्याला दिला जातो. दहा तासांपूर्वीचा पत्ता ताजा समजून वापरला, तर लॅपटॉप तिऱ्हाइताच्या दारात जाऊन उभा राहू शकतो. बँकेच्या बाबतीत ब्राउझर वाचवतो. सर्व्हरचे प्रमाणपत्र नावाशी जुळत नसल्याने तो लाल इशारा दाखवतो. पण रांग मोठी असली की ‘तरीही पुढे जा’ दाबण्याची सवय अनेकांना असते. कॅशे डिस्कवर जपणाऱ्या लॅपटॉपवर ती सवय महागात पडू शकते.

खोटे पत्तेही जपले जातात. २००८ मध्ये डॅन कमिन्स्की या संशोधकाने डीएनएस कॅशेमध्ये खोटे उत्तर घुसवणे किती सोपे आहे हे दाखवले आणि जगभर तातडीने दुरुस्त्या कराव्या लागल्या. रॅममधली विषारी नोंद लॅपटॉप बंद केला की जाते. डिस्कवरची दुसऱ्या दिवशीही हजर असते. ‘एकदा बंद करून चालू करा’ हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय तिथे निकामी ठरतो.

तिसरी गोष्ट खासगीपणाची. कॅशेची फाइल म्हणजे त्या लॅपटॉपवर कोणती संकेतस्थळे उघडली गेली, याची यादीच. घरच्या लॅपटॉपवर ते चालून जाईल. सेवा केंद्रातल्या, दिवसभरात पन्नास लोकांची कामे होणाऱ्या लॅपटॉपवर नाही. ब्राउझरचा इतिहास पुसला तरी ती यादी राहते. तिथे फाइल केवळ प्रणालीच्या वापरकर्त्यालाच वाचता येईल असे बंधन घालावे आणि शक्यतो डिस्क एन्क्रिप्ट केलेली असावी.

शिवाय जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग जपलेल्या नोंदींचे वय मोजता येत नाही. घड्याळ चुकलेले असताना डीएनएसच्या डिजिटल सह्या तपासणारा अनबाउंड तर ताज्या उत्तरांनाही खोटे ठरवून नाकारू लागतो. संकेतस्थळे उघडत नाहीत आणि दोष कॅशेच्या माथी जातो. सेल बदलून घेणे हे स्क्रिप्ट लिहिण्याच्या आधीचे काम आहे.

कोणी काय करावे?

घरी राउटर असेल, तर त्यालाच छोट्या बॅटरी-बॅकअपवर ठेवणे सर्वांत सोपे. लॅपटॉप कितीही वेळा बंद झाला, तरी राउटरमधली कॅशे जागी असते आणि उत्तर घरातल्या घरात मिळते. पत्त्यांच्या मुदतीही तिथे बिनचूक मोजल्या जातात, कारण राउटरचे घड्याळ थांबलेलेच नसते.

फक्त हॉटस्पॉटवर भागवणाऱ्याने लॅपटॉपवर अनबाउंड बसवून ‘सर्व्ह एक्स्पायर्ड’ चालू करावे. त्याचबरोबर मुदत संपत आलेली, वारंवार लागणारी नावे आधीच विचारून ठेवणारा ‘प्रीफेच’ हा पर्यायही सुरू करावा. रूट सर्व्हरची पूर्ण यादी साधारण दोन एमबीची असते. ती लॅपटॉपवर ठेवून स्वतःहून अद्ययावत करत राहण्याची सोय अनबाउंडमध्ये आहे. बंद-चालू केल्यावर पहिली पायरी चढण्यासाठी मग इंटरनेट लागत नाही. जपण्यासारखा साठा कोणता असेल तर तो हा. ही यादी सार्वजनिक असल्याने तिच्यातून कोणाच्या खासगी वापराचा पत्ता लागत नाही.

लागणाऱ्या संकेतस्थळांचे पत्ते ‘होस्ट्स’ फाइलमध्ये हाताने कायमचे लिहून ठेवण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो टाळावा. त्या फाइलला मुदत नसते. सहा महिन्यांनी संकेतस्थळ हलले, की फक्त त्याच लॅपटॉपवर ते उघडत नाही आणि तेव्हा तो आकडा कोणी, का लिहिला होता हे कोणाला आठवत नाही.